अंगठ्याची पारख

केना नावाच्या रानपाल्याच्या दोन जाती, फूल दोन्हींना निळंच. निजामाच्या मोगलाईतल्या आमच्या चौसाळा गावात शेजारची काकू केना कधी बघून निवडायची नाही. बोलता बोलता देठावर अंगठा फिरवायची. लव लागली तर भाजीला, गुळगुळीत लागला तर म्हशीला. आम्ही मात्र डोळ्यांजवळ नेऊन बघायचो.

एकदा तिनं सगळाच म्हशीपुढं टाकला. "लव कुटं हाय याला?"

लव होती. तिच्या अंगठ्यात बाभळीचा काटाही रुतलेला होता.

"काकू, दुखत न्हाई?"

ती अंगठ्याकडं बघतच राहिली. मागच्याच साली महारोग झालेल्या बाईला गावानं वेशीबाहेर काढलं होतं. तिचीही आधी बोटंच बधिर झाली होती.

"कुनाला सांगू नगंस, बाई."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर ती एकेक देठ डोळ्यांजवळ नेऊन बघत होती, आमच्यासारखी.