चौकातला पाणबुड्या

आयुष्यभर मी इथे आखातात तेलाच्या टाक्या बांधल्या. हमरिया फ्री झोनमधल्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवायचा, जोडायचा आणि फुजैराच्या टर्मिनलमध्ये नेऊन उभा करायचा. तिथं पास असल्याशिवाय चिटपाखरूही आत जात नाही, त्यामुळे बाप नक्की काय करतो हे माझ्या मुलीला कधी दिसलंच नाही. शाळेत कुणी विचारलं तर ती सांगायची, "ही गोज टू हमरिया." म्हणून कंपनीला एका चौकासाठी तांब्याचा अवाढव्य पाणबुड्या, समुद्रातून मोती काढणारा, बनवायचं काम मिळालं तेव्हा मी घरी पेढे नेले. हे तरी तिला दाखवता येणार होतं.

पुतळा अर्थातच आमचा नव्हता. तो अमेरिकेतल्या एका थोर शिल्पकाराचा होता. त्यांनी मातीचा नमुना पाठवला, पाण्याच्या बाटलीएवढा. बाकी किरकोळ काम, म्हणजे तो चार मजली करणं, आत लोखंडी सांगाडा उभारणं आणि वर पत्रा ठोकून बरगड्या, बोटं, नाक आणणं, तेवढं आमच्याकडे होतं.

काम सुरू होण्याआधी हे शिल्पकार साहेब स्वतः आले आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून त्यांनी पडद्यावर आपलं चरित्र दाखवलं. हिंदीत समजावायला मी. शेतावरचं बालपण, गोठ्यात घडवलेला पहिला पुतळा, मग कोर्टासमोरचा न्यायाधीश, हायवेवरचा राक्षसी खाणकामगार, आणि एका गावात तर असा बैल की पर्यटकांसाठी त्याच्या पोटात जिना. प्रत्येक पुतळा आधीच्यापेक्षा मोठा आणि प्रत्येक पुतळ्याशेजारी नवी बायको.

"दादा, खलास झालं का?" आमच्या रत्नागिरीकडच्या फिटरने भुकेल्या आवाजात विचारलं.

"अजून दोन पुतळे आणि एक घटस्फोट बाकी आहे," मी म्हणालो.

पुतळा पुरा झाला नि दसरा आला. तांब्याला साहेबांच्या पसंतीचा रंग रसायनाने चढवलेला होता आणि त्याला बोटही लावायचं नाही अशी ताकीद होती. पण दसऱ्याला आमच्याकडे ग्राइंडर, वेल्डिंग मशीन, क्रेन, सगळ्यांची पूजा होते. मग एवढा मोठा गडी बिनपूजेचा कसा ठेवायचा? फिटरने त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि थेट गुडघ्यावर नारळ फोडला. दुपारच्या उन्हात ते पाणी भाजून निघालं आणि गुडघ्यापासून पावलापर्यंत हिरवेकाळे ओघळ उमटले. पुसलं तसे ते आणखी पसरले.

दुसऱ्याच दिवशी साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी नापसंत केला असता तर पुतळा भंगारात गेला असता आणि नवा दुसऱ्या कुणाकडे झाला असता. मी मुलीला काय दाखवणार होतो, गेटपास?

साहेब त्या पायासमोर बराच वेळ उभे राहिले. मॅनेजरचा चेहरा उतरला. मग साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "समुद्र! असा रंग साधायला अख्खी कारकीर्द खर्ची घालावी लागते." कारकीर्द कुणाची, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. दुसरा पायही तसाच करा, असा हुकूम सुटला. "यल्ला!" म्हणत फिटर नारळ आणायला पळाला. पाणी पुतळ्याला गेलं, खोबरं मेसला.

उद्घाटनाचं बोलावणं आम्हाला आलं नाही, ते अपेक्षितच होतं. पुढच्या रविवारी मी बायकोला आणि मुलीला घेऊन अल नहदातल्या घरून निघालो. चौकात गाडी थांबवायला मनाई, म्हणून आम्ही पुतळ्याभोवती फेऱ्या मारत राहिलो.

"वॉव, बाबा. इट्स ह्यूज," मुलगी म्हणाली. मला भरून आलं.

"मी बनवला," मी म्हणालो.

तिने लगेच फोन काढून शोधलं. साहेबांचा फोटो, गोठा, बैल, सगळं होतं. "नो, बाबा. ही मेड इट. इट सेज सो."

"अगं, त्यांनी नमुना दिला. बनवला बाबांनी," बायको म्हणाली.

"देन व्हाय इजंट हिज नेम हिअर?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

साहेबांची भाषणं, मानपान, बायका, सगळं त्यांना लखलाभ होवो, त्याचं मला कधीच काही वाटलं नाही. पण माझ्याच गाडीत, मागच्या सीटवर बसून, माझी पोर माझ्यापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवत होती. ते फार लागलं.

"वन मोर राऊंड, बाबा," ती फोन खिडकीला लावत म्हणाली, "आय वॉन्ट द फेस."

तिचा फोटो हलू नये म्हणून मी गाडी हळू केली.