खांद्यावरचे गुळगुळीत टायर

आमच्या परभणीच्या पॉलिटेक्निकच्या पोरांनी रेसची गाडी बनवली होती, असं सांगितलं की माझीच लेकरं हसतात. हसू द्या. पाइप जोडून केलेला सांगाडा, भंगारातल्या स्कूटरचं इंजिन आणि एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा. दुसऱ्या कॉलेजच्या पोरांशी डांबरी मैदानावर शर्यत लागली होती, आणि गाडीला टायर तेवढे नव्हते.

टायरवरून माझं आणि गाडीच्या कामातल्या माझ्या जोडीदाराचं आठवडाभर वाजलं. तो गंगाखेडकडच्या बागायतदाराचा पोरगा, ट्रॅक्टरवर वाढलेला. खोल खाचा नसल्या तर गाडी जमीन धरणार कशी, हा त्याचा हेका. मी म्हणायचो, बाबा रे, खाचा चिखलासाठी. कोरड्या डांबरावर जितकं रबर टेकेल तितकी पकड. झिजून गुळगुळीत झालेलेच टायर पाहिजेत. माझी जीभ आधीच तिखट. शेवटी, बैलाला कळंल पण तुला कळायचं न्हाई, असं म्हणून मी मोकळा झालो. तो दोन दिवस बोलला नाही, पण गाडी मी चालवणार होतो म्हणून टायर माझ्या मनाचे ठरले.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे. मी बौद्ध घरातला. वडील पूर्णेला रेल्वेत गँगमन होते. ते मोर्चाला जायचे, मला मात्र जाऊ द्यायचे नाहीत. घरातला एक जण मोर्चात चालला तरी पुरे, तू आधी डिप्लोमा हातात घे, म्हणायचे. पोरावर एक केस लागली की सरकारी नोकरीचं दार बंद, ही त्यांची धास्ती. जोडीदाराच्या घरी नामांतराला विरोध. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. आम्हाला भांडायला टायर होते ना!

पूर्णेच्या एका टायरवाल्यानं सारखे झिजलेले चार टायर काढून ठेवले होते. ते घेऊन आम्ही रेल्वेनं परभणीला उतरलो, तर शहर बंद. सकाळी कुठंतरी रस्त्यात टायर जाळले होते. अन् आम्ही दोघं शहाणे खांद्यावर दोन-दोन टायर अडकवून स्टेशनबाहेर. गाडीच्या नादात एवढं साधं डोक्यात आलं नाही.

बंदोबस्तावरच्या पोलीस जमादारानं अडवलं. आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं माझ्या खांद्यावरचा टायर चाचपला.

"ह्याच्यात तर कायच राह्यलं न्हाई," तो म्हणाला. "हे गाडीला लावतेत व्हय? हे जाळायचेच."

वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. संपलं सगळं, असंच वाटलं.

तेवढ्यात जोडीदार मधे येऊन उभा राहिला. "टायर माझे हायेत. लिहायचं तर माझं नाव लिहा."

स्वतःचं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं त्यानं न विचारता सांगितलं. आणि मग त्या जमादाराला कोरडं डांबर, टेकणारं रबर, पकड हे सगळं माझ्याच शब्दांत समजावू लागला. आठवडाभर ज्याला एक अक्षर पटलं नव्हतं तो! बैलाचं तेवढं गाळलं. जमादारानं त्याचं नाव लिहून घेतलं, एक शिपाई आमच्याबरोबर वर्कशॉपपर्यंत धाडला, आणि चाकं नसलेली गाडी बघून शिपाई परत गेला.

शर्यतीत आम्ही शेवटून दुसरे आलो. त्याचं मला काही वाटलं नाही.

जोडीदाराच्या गावात मात्र बोभाटा झाला, की अमक्याचा पोरगा नामांतरवाल्यांचे टायर वाहताना सापडला. त्याच्या वडिलांनी बैठकीत चार माणसांसमोर विचारलं, टायर कोणाचे. तो म्हणाला, माझेच. वडील कितीतरी महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

मला हे फार उशिरा कळलं. घरी तरी खरं सांगायचं होतंस की, मी म्हणालो.

"खरं सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागलं असतं," तो म्हणाला.

असा माणूस मला विसाव्या वर्षी भेटला, हे माझं भाग्य. नोकरी लागताना पोलिसांकडून माझी चौकशी झाली. त्यांच्या दप्तरी माझं नाव कुठंच निघालं नाही.