बत्ती कुणाची

कुठल्याही संग्रहालयात गेले की माझ्याबरोबर आलेल्या माणसांचे हाल होतात. मला प्रत्येक पाटी वाचायची असते. वाचून झाली की पाटीवर जे लिहिलेलं नाही ते विचारायचं असतं, आणि विचारायला कोणी सापडलं नाही की मी घरच्यांचं डोकं खाते. माझी मुलगी अकरावीत आहे. ठाण्यात रेल्वेच्या जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय आहे, रविवारी आजी-आजोबांना घेऊन जाऊ या, असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, मी कुठेतरी बसून राहणार. तुझं झालं की हाक मार."

नवल म्हणजे बाबा लगेच तयार झाले. आई-बाबा डोंबिवलीला कोपरमध्ये राहतात आणि मी ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागच्या बाजूला. महिन्यातून एखाद्या रविवारी ते माझ्याकडे येतात. जेवतात, बाबा पेपर वाचतात, आई माझा फ्रिज नको असताना लावून देते, आणि संध्याकाळी दोघं परत जातात. बाबांना कुठे चला म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायला लागतो. या वेळी मात्र म्हणाले, "जाऊ की. रविवारी उघडं असतं ना, तेवढं विचारून ठेव."

आले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, वरून पंचा कोंबलेला. मला वाटलं नेहमीसारखे पेरू असतील. घ्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे, जड नाही." जेवतानाही पिशवी त्यांच्या पायांशीच होती. आईकडे मी भुवया उंचावून पाहिलं, तर तिने 'कळेल' अशी मान हलवली आणि कोशिंबीर वाढली.

संग्रहालय म्हणजे एक जुनं गोदाम. दारात पहारेकऱ्याची खुर्ची होती, त्याचा नॅपकिनही होता, पण तो स्वतः चहाला गेलेला असावा. आत टेबलाशी बसलेल्या बाईंनी तिकिटं दिली. आईने शिरल्या शिरल्या वेटिंग रूममधली लांब हातांची आरामखुर्ची हेरली. 'बसल्यास चालेल' अशी पाटी तिच्यावर होती, आणि आई बसली. नात शेजारी टेकली, कानात इयरफोन घालून.

मी आणि बाबा पुढे गेलो. पुठ्ठ्याची तिकिटं, त्यांच्यावर तारीख उठवणारं यंत्र, घंटा म्हणून वाजवायचा रुळाचा तुकडा. एका ठिकाणी हातात मावेल एवढा लोखंडी गोळा होता, त्याच्यापाशी मी बराच वेळ रेंगाळले. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून केलेली ही युक्ती. त्या टप्प्याचा गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यानेच पुढे जायचं. पुढच्या स्टेशनात गोळा दिला की मग समोरच्याची पाळी. इतकी साधी गोष्ट, आणि केवढी माणसं तिच्या भरवशावर झोपून प्रवास करत होती. पहिली गाडी ठाण्याला आली हे आम्हा ठाणेकरांना कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, पण परत जाताना त्या इंजिनाचं तोंड कसं फिरवलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मुलीला लांबूनच विचारलं. ती म्हणाली, "मम्मी, गेले असतील कसेतरी. आता काय टेन्शन आहे तुला?"

मग बत्त्यांचं कपाट आलं.

इथे माझ्या आजोबांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो, बाबासुद्धा. आबा मालगाडीवर गार्ड होते, बाबा कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. मी पाच वर्षांची असताना आबा गेले, त्यामुळे माझ्या वाट्याला ते फार आले नाहीत. आली ती त्यांची बत्ती. लाल, हिरवा आणि पांढरा उजेड दाखवणारी, रॉकेलवर चालणारी, गार्डाच्या हातात असायची तशी. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराआड ती खिळ्याला टांगलेली असायची. लाइट गेले की इतरांच्या घरी मेणबत्ती लागायची, आमच्याकडे आई ती बत्ती लावायची. मला तिची भारी मिजास होती. मैत्रिणींना दाखवायला काढली की बाबा म्हणायचे, "ठेव ती जागेवर." स्वतः ते तिला कधी हात लावत नसत.

कपाटात तशाच पाच-सहा बत्त्या होत्या. प्रत्येकीला पुढे फुगीर भिंग.

"बाबा, आपल्या बत्तीची काच अशी फुगीर आहे का हो? मला सपाट आठवते."

 बाबा पिशवी छातीशी धरून बाकावर बसले. मीही बसले.

"पिशवीत आबांची बत्ती आहे," ते म्हणाले. "परत द्यायला आणलीय."

"परत म्हणजे?"

"रेल्वेची वस्तू आहे. रेल्वेकडे गेली पाहिजे."

मग त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. आबा रिटायर झाले तेव्हा बाबा खडवलीच्या पुढे एका गावात शाळेवर नवीन लागले होते, तिथेच खोली करून राहत होते. एकदा सुट्टीला घरी आले तर भिंतीला बत्ती टांगलेली. नोकरी सुटताना बत्ती जमा करावी लागते, हे क्वार्टरमध्ये वाढलेल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. बाबा त्या बत्तीकडे बघत राहिले आणि काय समजायचं ते समजले.

"मग आबांना विचारलं नाहीत?"

"बापाला कसं विचारायचं, तुम्ही ही उचलून आणली का म्हणून?"

विचारलं नाही, आणि मग पूर्वीसारखं मोकळं बोलणंही जमेना. आबा गेले. बत्ती राहिली.

माझे वडील कसे आहेत हे माहीत असल्याशिवाय यातलं दुःख कळायचं नाही. शाळेतला खडूचा तुकडा चुकून खिशातून घरी आला तर दुसऱ्या दिवशी तो परत नेणारा हा माणूस. पौर्णिमेला आम्ही विहारात जातो, वंदना होते, सगळे मिळून पंचशील म्हणतात. दुसरं शील येतं, अदिन्नादाना, न दिलेलं घेणार नाही. आणि नेमका तिथे बाबांना खोकला येतो. मी लहानपणापासून तो खोकला ऐकत आलेय. मला वाटायचं, उदबत्तीचा धूर लागतो त्यांना. त्या बाकावर मला तो खोकला कळला. त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. रागही आला, कारण दिवसाला पन्नास प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या बापाला आयुष्यात एक प्रश्न विचारता आला नव्हता.

"माझ्यानंतर ती तुझ्याकडे येणार," बाबा म्हणाले. "तुझ्या गळ्यात कशाला?"

"मग देऊन टाकू. चला."

आम्ही उठलो, पण टेबलाशी एक मोठं कुटुंब तिकिटं काढत होतं, पोरं ओरडत होती. बाबांनी बाईंकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "यांच्याकडे भरपूर आहेत," ते पुटपुटले. "बघू पुढच्या वेळी." आणि सरळ दाराकडे चालायला लागले. त्यांचा धीर सुटला होता. मी त्यांना अडवलं नाही. आई आणि मुलगी उठायच्या तयारीला लागल्या.

आता पहारेकरी खुर्चीवर हजर होता.

"काका, पिशवी जरा दाखवा."

बत्तीची कडी पंच्यातून वर आली होती. त्याने पंचा बाजूला केला, बत्ती पाहिली, मान वळवून आतल्या कपाटाकडे पाहिलं, आणि बाबांना विचारलं, "ही बत्ती कुणाची?"

दुसरा कुणीही माणूस 'माझी' म्हणाला असता. माझे वडील म्हणाले, "रेल्वेची."

मुलीने इयरफोन काढले. "आजोबा, काय बोलताय तुम्ही?"

"काका, एवढे वयस्कर माणूस तुम्ही," पहारेकरी म्हणाला. "हे बरं दिसतं का?"

माझं टाळकं सटकलं. "ओ, नीट बोला. घरून आणलीय ती आम्ही."

"मग ताई, रेल्वेची कशी?"

प्रश्न चोख होता. आवाज ऐकून टेबलावरच्या बाई आल्या. त्यांनी आधी कपाटातल्या बत्त्यांवर नजर फिरवली. सगळ्या जागेवर होत्या. मग मी त्यांना खरं ते सांगितलं. 'उचलून आणली' या शब्दांशी बाबांनी डोळे मिटले. बाई माझ्यासारख्याच निघाल्या, म्हणजे चौकस. त्यांनी कपाट उघडून एक बत्ती काढली आणि उलटी केली. बुडावर रेल्वेची अक्षरं ठोकलेली होती, खाली नंबर.

"आमच्याकडच्या सगळ्यांवर असं आहे," त्या म्हणाल्या. "आता तुमची बघू."

आमच्या बत्तीच्या बुडावर काही नव्हतं. तिच्या छोट्या पत्र्याच्या दारावर नव्हतं. कडीवर नव्हतं. आणि काच सपाट होती.

"झिजली असतील अक्षरं," बाबा म्हणाले. "सणावारी घासली जाते." त्यांना सुटायचंही नव्हतं.

तोवर आई येऊन पोचली होती. "घासते मी," ती म्हणाली. "अक्षरं असती तर माझ्या बोटांना लागली नसती? आणि अहो, ती रेल्वेची कशी असेल? डब्याची आहे ती."

"कसल्या डब्याची?" मी विचारलं.

आईने बत्ती हातात घेतली, खालची तेलाची टाकी सवयीने फिरवून बाहेर काढली आणि बत्ती आमच्यासमोर तिरकी धरली. आतल्या पत्र्यावर, विटक्या हिरव्या रंगात, अर्धं नारळाचं झाड होतं.

"खोबरेल तेलाचा डबा," आई म्हणाली. "सासूबाईंनीच सांगितलेलं मला, लग्न झाल्यावर. मामंजींनी त्यांची बत्ती शेवटच्या दिवशी जमा केली. घरी आले तर करमेना. हात रिकामा वाटतो म्हणायचे. मग कल्याणच्या बाजारात डाग देऊन फुटके डबे झाळणारा एक जण होता, त्याच्याकडे जाऊन बसायचे रोज. असं कर, तसं कर. अगदी तश्शी करून घेतली. भिंग काही त्याला जमलं नाही."

 बाबांनी बोट आत घालून त्या झाडाला लावलं.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, तुम्हाला द्यायचीच असेल तर आम्ही आनंदाने ठेवू. अशी बत्ती आमच्याकडे एकही नाही."

"नाही," बाबा म्हणाले. टेबलामागच्या कुठल्याही माणसाला ते इतक्या तडकाफडकी नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही.

पहारेकऱ्याने पंचा घडी करून पिशवीत ठेवला. आम्ही निघालो तेव्हा मागून म्हणाला, "पण काका, रेल्वेची कशाला म्हणालात?"

त्यांना पोचवायला आम्ही दोघीही गाडीत बसलो. मुलगी पुढे टॅक्सीवाल्याशेजारी, आम्ही तिघं मागे, बत्ती बाबांच्या मांडीवर. गाडी खाडीवरच्या नव्या पुलावर आली.

"तुला माहीत होतं," बाबा आईला म्हणाले.

"हो."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत? आणि तुमच्या मनात असलं काही असेल हे मला कसं कळणार? मला वाटलं, आज तुम्ही त्या लोकांना दाखवायला आणलीय."

पूल संपला. बाबांनी घसा साफ केला. "मला काय वाटत होतं, ते आबांना कळलं होतं का?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली. खोटं तिलाही बोलता येत नाही. "ते नव्हतं कळलं," ती शेवटी म्हणाली. "त्यांना वाटायचं, पोरगा मास्तर झाला, आता त्याला बापाच्या रेल्वेची लाज वाटते. बत्ती लावली की तुम्ही उठून आत जायचात ना. मग तुम्ही घरात असलात की ते लावायचेच नाहीत. अंधारात बसायचे."

बाबांनी बत्ती माझ्या हातात दिली. "धर जरा," म्हणाले आणि चष्मा काढला. मी बाबांना रडताना कधी पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही पाहिलं म्हणता येणार नाही, कारण त्यांचं तोंड खिडकीच्या काचेकडे होतं. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझ्या मुलीने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. मी बत्तीकडे बघत होते. तिचा हिरवा काचेचा तुकडा किंचित वाकडा होता, बहुतेक बाटलीचा. तोही आबांनीच शोधून आणला असणार.

कोपरला बिल्डिंगच्या गेटपाशी गाडी थांबली. बाबा आधी उतरले आणि त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे." मी पिशवी उघडून बत्ती आत ठेवायला लागले, तर म्हणाले, "पिशवी राहू दे." कडीत बोटं अडकवून, बत्ती खाली सोडून, ते चालायला लागले. गेटात तळमजल्यावरचे काका खुर्ची टाकून बसले होते.

"काय गुरुजी, रेल्वेची बत्ती वाटतं?"

बाबा थांबले. बत्ती त्यांनी थोडी वर उचलली, नीट दिसेल अशी.

"रेल्वेची नाही," ते म्हणाले. "माझ्या वडिलांची. ते मालगाडीवर गार्ड होते."