विहीणबाईंचा तळ्यातला तांदूळ

माझी विहीण ओजिब्वे होती. ओजिब्वे म्हणजे अमेरिकेतले मूळचे लोक, मोठमोठ्या तळ्यांच्या काठचे. तीन पोरं अन् एक पोरगी तिनं एकटीनं वाढवली, पुस्तकं लिहिली, अन् मागच्या हिवाळ्यात गेली. सून म्हणाली, "आई, तिकडे सगळे तिच्यावर लिहून राहिले. तुम्हीपण लिहा." आता तिच्या पुस्तकांवर मी काय लिहू बापा? मी आपली तांदळावर लिहिते.

पोरानं लग्न तिकडेच केलं होतं. मंग त्याचं काम घरी बसून व्हायले लागलं, तसे दोघं आमच्याकडे छत्तीसगढात, हुडको कॉलनीत राहायले आले. सुनेले दिवस गेले अन् तिच्या पोटात काही ठरेना. हे ऐकून विहीणबाई पहिल्या विमानानं निघाल्या.

कॉलनीतल्या बाया गोरी मेम पाहायले नटून बसल्या होत्या. टॅक्सीतून उतरली दोन वेण्यांची सावळी बाई, जवळच्या उतई गावाकडची एखादी मावशीच जशी. भाजीवालीनं दुसऱ्याच दिवशी तिले विचारलं, "का लेबे दाई?" म्हणजे काय घेशील माय? विहीणबाईंनी मान हलवली. मंग रोज मान हलवत गेल्या अन् आम्ही रोज लाल भाजी खात गेलो.

माझं इंग्लिश म्हणजे स्टील प्लांटच्या गेटवरच्या पाट्या. म्हणून मधात पोरगा बसे. त्या लांबलचक बोलत, अन् हा सांगे, "छान आहे म्हणते."

"एवढं बोलली ते फक्त छान?"

"लेखिका आहे ना, आई."

सकाळी त्या व्हरांड्यात लिहायले बसत. तेव्हा त्यांच्याशी बोलायचं नाही. पण आत पोरगी नुसती खोकलली तरी अर्धं वाक्य टाकून उठत. म्या एकदा पोराले विचारलं, ती रोज काय लिहून राहिली? "तुझ्याबद्दल," तो म्हणाला. त्या दिवसापासून मी सकाळीच इस्त्रीचं पातळ नेसायले लागली.

आता तांदूळ. पोरगा लहान असताना निमोनियानं हातचा जात होता. तवा आम्ही सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारच्या छत्तीसगढी दाईनं सांगितलं, खमरछठचा उपास धर, लेकरं जगतात. तवापासून कधी सोडला नाही. या उपासाले नांगर फिरलेल्या जमिनीतलं काही चालत नाही. तळ्या-डबऱ्यात आपोआप उगवलेला लालसर पसहर तांदूळच लागतो. त्या वर्षी तो मोठ्या मुश्किलीनं मिळाला होता, अन् म्या डब्यात जपून ठेवला होता.

आदल्या दिवशी मी पत्रावळी घेऊन घरी आली, तर खिरीचा वास. सून दुसरी वाटी खाऊन राहिली होती. पोरगा गंजातली उरलीसुरली खीर खरवडत होता.

"कशाची खीर रे?"

"त्या डब्यातल्या तांदळाची. एकदम मस्त!"

मी खालीच बसली. "अरे गाढवा, तुझ्या आयुष्याचा तांदूळ तूच खाल्ला!"

विहीणबाई घाबरल्या. पोरानं पहिल्यांदाच पूर्ण भाषांतर केलं, दोन्हीकडून. त्यांच्या तळ्यातही असाच तांदूळ आपोआप उगवतो. पोरगी लहानपणी आजारी पडली की त्या तोच शिजवून देत. डबा उघडला, ओळखीचं धान्य दिसलं, अन् पोरीच्या पोटात काही टिकेल म्हणून रांधलं. टिकलंही. आता मायले कोणत्या तोंडानं रागवावं? त्यातून विहीण!

म्या आमच्या यांना स्कूटरवर उतईले पिटाळलं. हे परत आले समोसे घेऊन.

"तांदूळ संपला म्हणतात."

"अन् समोसे कावून आणले? उद्या उपास आहे माझा!"

"म्हणूनच तर आज आणले."

तेवढ्यात विहीणबाईंनी बॅगेतून कापडाची पिशवी काढली. आत लांब, काळा तांदूळ. नातवंडाच्या जन्माच्या जेवणासाठी घरून आणलेला. सगळीच पिशवी त्यांनी माझ्या पदरात ओतली.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोन खड्डे खोदून सगरी केली, पाणी भरलं, काठाले काशी गवत खोचलं. बाया जमल्या. सेक्टर दहाची दाई आता पार म्हातारी, पण निकाल तिचाच. तिनं काळे दाणे तळहातावर घेतले.

"एमा नांगर चले हे का?"

यात नांगर फिरला का, हे पोरानं इंग्लिशमध्ये विचारलं. विहीणबाईंनी मान हलवली, पण या वेळी आडवी. मंग माझं लाटणं अन् पळी घेऊन त्या सगरीजवळ फतकल मारून बसल्या, म्हणजे जशा तळ्यातल्या होडीत बसल्या. लाटण्यानं काशी मांडीवर वाकवली अन् पळीनं झोडली. असे दाणे होडीत पडतात, काही पाण्यात पडतात, तेच पुढच्या वर्षी उगवतात. सगरीचं पार टक्कल झालं. बाया आधी हादरल्या, मंग पदरात तोंड घालून हसल्या.

दाई म्हणाली, "ये तो हमर पसहर के बहिनी आय. रांध ओ!"

रांधला. धुराचा वास होता त्याले. विहीणबाईंनीही सकाळपासून चहा घेतला नव्हता, हे मले जेवायले बसल्यावर कळलं.

पूजा झाली की छुईत, म्हणजे पांढऱ्या मातीत, बुडवलेल्या फडक्याचा पोता माय लेकराच्या पाठीवर मारते, त्याले आयुष्य मिळावं म्हणून. विहीणबाईंनी पोरीले मारला. मंग थांबल्या. बाकीचे तिघं सातासमुद्रापार. शेवटी माझ्या पोराले वळवलं अन् त्याच्या पाठीवर तिघांच्या नावानं हाणले.

"आई, मीटिंग आहे माझी! हा शर्ट..."

"मीटिंगले पाठ दिसते का रे? उभा राह्य!"

नात झाली तोवर उतईले नवा पसहर आला होता. जन्माचं जेवण त्याच तांदळाचं केलं. विहीणबाई बोट चाटून लांबलचक बोलल्या. पोरगा म्हणाला, "छान आहे म्हणते."

यंदा खमरछठले नातीच्या पाठीवर पोता मारला, तर ती विचारते, "आजी, त्या आजीच्या मुलांना आता कोण मारणार?"

खरंच की. सुनेनं तिघा भावांना व्हिडिओवर जमवलं. तिघंही टकले, धिप्पाड. म्या म्हटलं, "पाठी करा." केल्या बिचाऱ्यांनी. अन् म्या फोनवरच तीन पोते हाणले. फोन छुईनं माखला, कोणी दिसेना. आतून नुसतं हसणं ऐकू येऊन राहिलं होतं, तिघांचंही.