कुंकवाची बोटं लावलेली पेटी

कंटेनर निघायचा असला की आप्पा स्वतः नारळ फोडायचे. पहिल्या पेटीतली प्लास्टिकची पिशवी उघडून आतल्या लोखंडी शाफ्टवर नारळाचं पाणी शिंपडायचे, पेटीला कुंकवाची बोटं ओढायचे आणि म्हणायचे, "जा बाबा, नाव काढ." मांडवगण फराटा या गावची शेती भावावर सोपवून त्यांनी शिक्रापुरात कारखाना काढला होता. माल परदेशी जातो याचं त्यांना भारी कौतुक.

मी तिथे पॅकिंग बघत होते. एकदा परदेशातल्या गिऱ्हाइकानं कळवलं की शाफ्टना गंज चढलाय, आणि ऑर्डरच थांबवली. ऑफिसातले साहेब म्हणाले, दर पाडू, म्हणजे गिऱ्हाईक परत येईल. शिवाय पॅकिंगच्या बायका हातमोजे घालत नाहीत, त्यांच्या हाताच्या घामानं गंज चढला, तेव्हा आधी मला काढावं. घर माझ्या पगारावर चालत होतं.

आप्पा दोन्हीला नाही म्हणाले. "दर पाडून गंज जातोय व्हय? गंजलेली पेटी माघारी मागवा. तवर कुणाला काढायचं न्हाई."

पेटी आली. खालचे शाफ्ट लखलखीत होते. गंज फक्त वरच्या थरावर, तोही थेंबाथेंबांचा. आप्पांनी पेटी फिरवली, तर बाजूला कुंकवाची बोटं. एवढ्या पेट्यांतून तिकडच्या तपासनिसानं नेमकी हीच उघडली होती. बिचाऱ्याला वाटलं असणार, खूण केलीय म्हणजे नमुन्याची असेल. मला हसू फुटत होतं, पण हसायचा धीर होईना.

आप्पांनी सगळ्यांना बोलावलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्यो गंज माझ्या हातचा हाय. सुरेखाताईकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई."

गिऱ्हाइकालाही त्यांनी हेच कळवायला लावलं. साहेब दुसरं काही कारण देऊ म्हणत होते, आप्पा ऐकेनात. पुढे नारळ गेटवर फुटू लागला आणि बंद पेटी उघडायला मालकालाही बंदी झाली. गिऱ्हाइकानं आधी थोडा माल मागवून पाहिला, मग पूर्वीइतका, आणि पूर्वीच्याच दरानं.

गेल्या वर्षी आप्पा गेले. मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी, माई, सांगू लागल्या. चूक गुपचूप सुधारा, मालकानं चारचौघांत कबुली कशाला द्यायची, असं तेव्हा मुलगा म्हणाला होता. त्यावर आप्पा म्हणाले होते, "मी गप ऱ्हायलो तर ती बाई जलमभर मान खाली घालून काम करंल. ते मला बघवायचं न्हाई."

हे मला आधी कळलं असतं तर त्यांच्या पाया पडले असते. आता माईंचेच पाय धरले.