गोदाक्काचा पत्ता

शेजाऱ्यांवर आमच्या मामांइतका जीव लावणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नाही. बारामती तालुक्याचंही मी खात्रीनं सांगतो, कारण मी तिथला आहे. त्याला कारणही तसंच होतं. आमच्या दोन्ही घराण्यांत मिळून एक धड पत्ता नव्हता. वडलांकडचे आम्ही पिंपळीचे, पण नावालाच. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं आणि जिथं मेंढरं कोंडायच्या जाळ्याची वाघर लागेल तिथं चूल मांडायची. शाळेत माझं नाव घालताना गुरुजींनी राहण्याचं ठिकाण विचारलं तेव्हा वडील म्हणाले होते, "आज कालव्याच्या कडंला." भाकरीवर नुसतं मीठ-मिरची असायची आणि एका घोंगड्यात आम्ही सगळी भावंडं. आईकडचे पळसदेवचे. त्यांना पत्ता होता, पण उजनीचं पाणी आलं आणि पत्त्यावरून मासे फिरू लागले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं देऊळ अजून वर येतं. मामांचं घर कधी वर आलं नाही, ते मातीचं होतं.

त्या जुन्या गावात मामांच्या भिंतीला भिंत लावून गोदाक्का राहायची. आजी लवकर गेली, तेव्हा माझ्या आईला आणि मामांना गोदाक्काच्याच भाकरीनं वाढवलं. पाणी आल्यावर मामांना अलीकडं जमीन मिळाली आणि गोदाक्का पाण्यापलीकडं, करमाळ्याच्या अंगाला गेली. तेव्हा मामा मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. पुढं आयटीआय करून ते भागातल्या एका साखर कारखान्यात वीजखात्यात लागले. कारखान्यात कम्प्युटर आले तेव्हा वायर ओढायला म्हणून त्या खोलीत शिरले ते पुन्हा बाहेर आले नाहीत.

इंदापुरात खोली भाड्यानं घेताना मामींनी नळाला पाणी येतं का ते विचारलं. मामांनी डावीकडं कोण, उजवीकडं कोण आणि त्यांचा स्वभाव कसा, एवढंच विचारलं. टेम्पोतलं सामान उतरायच्या आत ते वाटी घेऊन शेजारी साखर मागायला गेले. साखर कारखान्यातला माणूस, घरात साखरेचं पोतं, आणि हे वाटी घेऊन उभे. मामी चिडल्या तेव्हा म्हणाले, "आपून आदी मागितलं की त्येंला मागाय लाज वाटत न्हाय." ती वाटी त्यांनी शेंगदाणे घालून परत दिली. रिकामं भांडं परत करणं हा मामांच्या लेखी गुन्हा होता. सकाळी तोंडात मिश्री धरून ते गल्लीतून फिरत आणि प्रत्येक दारात "हाय का?" अशी हाक देत. आतून "हाय" आलं की पुढच्या दारी. काम काहीही नसे. एसटीत शेजारी बसलेल्या एका माणसाला त्यांनी बोलण्यात असं गुंतवलं की त्याचं भिगवण मागं गेलं आणि तो रात्री मामींच्या हातची आमटी ओरपत आमच्यात बसला होता.

दर दिवाळीला मामा गोदाक्काला फराळाचा डबा पाठवत, पलीकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी होडीतून. डबा कधी परत आला नाही. मामींचे डबे संपत आले. जरा चौकशी तरी करा म्हटलं की मामा म्हणत, "तितंच हाय ती. जातीय कुटं?" आणि विषय बदलत. चौकशी केली तर काय ऐकायला मिळेल याची त्यांना भीती होती, हे मला फार उशिरा कळलं.

मी बारामतीच्या कॉलेजातून बीएस्सी झालो. आमच्या घराण्यातला पहिला, हे मी विचारलं नाही तरी सांगतो. मामांनी मला कारखान्यात त्यांच्याच कम्प्युटरच्या खोलीत हंगामी म्हणून चिकटवलं आणि त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सीराव पडलं. तिथं मामांचा संसार बघण्यासारखा होता. त्यांनी सगळ्या कम्प्युटरांना पळसदेवच्या शेजाऱ्यांची नावं दिली होती. ऊसगाड्यांचं वजन होतं त्या काट्यावरचा कम्प्युटर म्हणजे गोदाक्का.

आता नेटवर्कातही शेजार असतो. प्रत्येक कार्डावर कंपनीनं घातलेला एक नंबर असतो, तेच त्या कम्प्युटरचं घर समजा. मुख्य मशीनला काट्याशी बोलायचं असलं की ते सगळ्यांना हाक घालतं, अमका कुठं आहे? ज्याचं नाव असेल तो म्हणतो, मी इथं. मशीन ते घर आपल्या तक्त्यात मांडून ठेवतं आणि काही वेळानं विसरतं, म्हणजे पुन्हा विचारणं आलं. ही विसरण्याची खोड मामांना अजिबात खपली नाही. "इसरतो त्यो शेजारी कसला?" असं म्हणून त्यांनी arp -s ही आज्ञा वापरून एकेका शेजाऱ्याची नोंद कायमची केली. मशीन बंद करून चालू केल्यावर ती पुसली जाऊ नये म्हणून सुरुवातीच्या फाइलीतही लिहून ठेवली. मशीन जागं झालं की आधी शेजारी आठवायचं, मग कामाला लागायचं.

ऐन हंगामात काट्यावरच्या कम्प्युटरचं नेटवर्क कार्ड जळालं. पुण्याचा इंजिनिअर आला, नवं कार्ड बसवलं आणि एसटी धरून गेला. तरी वजनाचे आकडे कचेरीत येईनात. बाकी सगळे कम्प्युटर ठणठणीत, एकटी गोदाक्का गप्प. पावत्या हातानं लिहायची वेळ आली आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. एक गाडीवान खिडकीतून म्हणाला, "मामा, उसाचं चिपाड व्हाया लागलं. तुमच्या मशिनीचा रुसवा काढा की." साहेब काही ओरडले नाहीत. उद्या सकाळपर्यंत चालू झालं नाही तर मामांनी ऊसयार्डात गाड्या मोजायला जावं, एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. मामा वायर उपसत राहिले.

मी मुख्य मशीनवर arp -a मारून तक्ता काढला. गोदाक्कासमोर कायम अशी खूण होती आणि घर जळक्या कार्डाचं. काट्याची हाक येत होती, पण आमचं मशीन उत्तर नेऊन टाकत होतं ते मोडलेल्या घरात.

मी म्हणालो, "मामा, गोदाक्काचं घर बदललंय. ही नोंद काढाय पायजे."

मामा पडद्याकडं बघत राहिले. "काडली म्हंजे ती गेली का?"

"न्हाय मामा. काढली की मशीन नव्यानं इचारतंय, कुठं हाय म्हणून. आसंल तर ती आपल्या तोंडानं सांगती."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

मी कळफलक त्यांच्याकडं सरकवला. मामांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत arp -d godakka असं लिहिलं आणि एंटर दाबताना मान वळवली. मग ping godakka असं लिहून त्यांनी गल्लीत घालत तशीच हाक मशीनमधून घातली. पडद्यावर इंग्रजीत उमटलं, गोदाक्का जिवंत आहे. कुणीही उत्तर दिलं की ते मशीन असंच लिहायचं, मामांनी ते रोज वाचलेलं होतं. तरी त्या दिवशी त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. काट्याचे आकडे धडाधड उतरू लागले. सुरुवातीच्या फाइलीतल्या त्या ओळी मामांनी स्वतः पुसल्या.

पुढच्या बाजारादिवशी ते इंदापुरात करमाळ्याकडून आलेल्या माणसांना एकेक करून विचारत फिरले. कांदेवाले, मिरचीवाले, शेरडं विकायला आलेले. दुपारनंतर एका कांदेवाल्यानं सांगितलं की गोदाक्का पाण्यानंतर मिळालेलं ते गाव सोडून केव्हाच लेकीकडं राहायला गेली, आता डोळ्यांनी दिसत नाही तिला, पण हाय. मामा कांद्याच्या ढिगाशेजारीच खाली बसले.

त्या दिवाळीला डबा लेकीच्या गावी गेला. मामांवर ऊसयार्डात जायची वेळ काही आली नाही, त्यांची नोकरी कम्प्युटरच्या खोलीतच राहिली. डबा परत आला, आणि त्यात कारळ्याची चटणी होती.