सीलबंद बाटलीतलं गुलाबी पाणी

खरं सांगा, सही करण्याआधी तुम्ही पत्रक शेवटपर्यंत वाचता का? आमच्या वाडीत माझ्या पत्रकावर एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. शेवटच्या ओळीपर्यंत एकच बाई पोचली, आणि नेमकी तीच आरोपी होती.

मी पत्रकांवर वाढले. बाबा लोट्याला कंपनीत कामाला. कामगारांची पत्रकं तेच लिहायचे आणि उरलेल्या प्रती स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरल्या जायच्या. ‘आई’ लिहिता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता येत होतं. त्यामुळे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वाडीतलं तळं हिरवंगार झालेलं दिसलं, तेव्हा मला काळजी वाटली नाही. आनंद झाला. विषय मिळाला होता.

तळ्याकाठी शेजारच्या काकी लाल माठ आणि मुळा लावतात. पाणी तळ्याचंच, आणि वाफ्यात थोडा युरिया. आरोपी ठरवायला मला तेवढं पुरलं. तळ्याच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरली, झाकण घट्ट लावलं, वर मेण ओतलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या आणि काळ्या कापडात गुंडाळून ती कपाटात कुलूपबंद केली.

“शाब्बास,” बाबा म्हणाले, “पुरावा असा हवा.”

चौथ्या दिवशी साक्षीदारांसमोर सील फोडलं. घरी मासे पाळणारे लोक पाण्यातलं नायट्राइट तपासायला जे औषध वापरतात, त्याचे थेंब टाकले. पाणी गुलाबी! म्हणजे त्यात विषारी नायट्राइट, आणि माझ्या हिशेबाने ते काकींच्या युरियाचं. त्याच संध्याकाळी पत्रक निघालं: ‘तळ्यात विष कोणी कालवलं?’ शेवटच्या ओळीत मागणी एकच, काकींना तळ्याचं पाणी बंद करा. रविवारी ग्रामसभा होती.

शनिवारी काकी पत्रक घेऊन दारात उभ्या.

“काय गो, माझा माठ खाऊन तुझा कोण मेला? पाणी बंद झालं तर वाफ्यात काय रडून शिंपू?”

“काकी, हे विज्ञान आहे.”

“मग तुझ्या विज्ञानाला सांग, माझ्यासमोर बाटली भर.”

मी भरली. तिथेच काठावर थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. आणखी टाकले. तरीही तसंच.

“माझ्यासमोर नाय लाजत वाटतं,” काकी म्हणाल्या.

मी थेट कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. “अगं, काळोखात कोंडलंस, तर त्या शेवाळाने करायचं काय?” उजेड नाही म्हणजे शेवाळाला प्राणवायू तयार करता येत नाही, आणि बाटलीत होता नव्हता तो संपतो. मग ते पाण्यातल्या नायट्रेटकडे वळतं. पेशीतले जे इलेक्ट्रॉन एरवी प्राणवायू घेतो, ते नायट्रेटच्या गळ्यात घालतं. त्याचं नायट्राइट होतं. ते पुढे पचवायला अंधारात बळ पुरत नाही, म्हणून बरंचसं बाहेर टाकतं. बाटलीतले जिवाणूही हात धुऊन घेतात. पाण्याखाली बुडालेली भाताची मुळंसुद्धा नायट्रेटच्या आधाराने असाच तग धरतात, हेही त्यांनी सांगितलं. तळ्यातलं नायट्रेट थोडं युरियाचं असेल, पण गुरांचं आणि कुजलेल्या पाल्याचंही असणार. नायट्राइट मात्र माझ्या कपाटात तयार झालं होतं.

मी हे काकींना समजावलं.

“म्हणजे झाकण लावलंस तू, आणि विष कालवलं मी?”

ग्रामसभेत मी उभी राहिले आणि नवं पत्रक वाचलं. मथळा होता ‘जाहीर माघार’. बाबांनी आयुष्यात असा मथळा पाहिला नव्हता; त्यांनी गुपचूप दोन स्वल्पविराम दुरुस्त करून दिले. काकींचं पाणी वाचलं.

माठाचं नाव मात्र वाचलं नाही. जुन्या पत्रकाचा फोटो अजून फिरतोय. सावर्ड्याच्या बाजारात गिऱ्हाईक जुडी हातात घेतं, “ती तळ्याची भाजी हीच ना?” असं विचारतं आणि परत ठेवतं. माघारीचा फोटो कोणी पुढे पाठवत नाही. त्यात विष नाही ना!

म्हणून तुम्हाला सांगते. ते पहिलं पत्रक तुमच्या फोनात आलं असेल, तर ज्या ज्या ग्रुपवर तुम्ही ते ढकललंत, त्या प्रत्येक ग्रुपवर आज हेही ढकला. आणि बाजारात गेलात तर काकींकडून माठाची एक जुडी घ्या, चार लोकांना दिसेल अशी.